मेल गेला का?

माझ्या कामाला दुकान नाही, पाटी नाही, गल्लाही नाही. जूचंद्रच्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीला लागून एक टेबल आहे आणि त्यावर लॅपटॉप. वकिलांकडून, नोटरींकडून, कधी थेट घरच्या बायकांकडून उर्दू कागद येतात. बहुतेक निकाहनामे, अधूनमधून एखादा हिबानामा, जुना वाटणीचा कागद, काझीसाहेबांचा दाखला. मी त्यांचं मराठी किंवा इंग्रजी करून देते. पासपोर्ट असो, पेन्शन असो, बँक असो की परदेशातल्या कंपनीकडून येणं असलेली रक्कम असो, उर्दू कागद पुढे केला की समोरचा माणूस तो दोनदा उलटसुलट करून परत देतो. मग तो माझ्याकडे येतो. फोटो होऊन मेलने येतो आणि भाषांतर होऊन मेलने परत जातो. ज्यांची कामं केली त्यांतल्या निम्म्या लोकांना मी आजवर पाहिलेलंही नाही.

घरी असताना यात काही अवघड नाही. अवघड होतं ते घर सोडल्यावर. माझं माहेर चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठावर. अम्मी तिथे भाईकडे असते. नणंद शारजाला. लग्न, मयत, ईद, बाळंतपण, आजारपण, यांपैकी काही ना काही वर्षातून चार-पाच वेळा येतंच. नोकरीवाला माणूस रजा टाकतो आणि मोकळा होतो. माझी रजा मंजूर करणार कोण? कागदाला मुदत असते आणि ती मुदत माझी नसते, कुणा अनोळखी बाईची असते. बाहेरून मेल खात्रीने जाणार असेल तरच मी चार दिवस अम्मीच्या पायाशी बसू शकते. नाही तर सकाळी पोचायचं, दुपारी जेवायचं आणि रात्रीच्या गाडीने परत. पहिली काही वर्षं मी तेच केलं. अम्मी म्हणायची, "तू येतेस की हजेरी लावतेस?"

आमच्या लोकांना लांबून निरोप धाडण्याची सवय जुनी आहे. कोकणातल्या मुसलमान घरांतला एक तरी माणूस जहाजावर नाही तर आखातात, हे दोन-तीन पिढ्या चालत आलं आहे. टपालाने पत्र यायला पंधरा दिवस लागत. म्हणून कुणी सुट्टीवर येणारा असला की त्याच्या हाती पत्रं द्यायची. माझ्या लहानपणी अब्बांची पत्रं अशीच यायची. मुंबईत नागपाड्याला गाववाल्यांची एक खोली होती. कुवेतहून आलेला माणूस आधी तिथे उतरायचा, बॅग उघडायचा, आणि कुणाचं पाकीट, कुणाची कॅसेट, कुणाच्या आईचं औषध असं वेगवेगळं काढून ठेवायचा. ती अमानत होती. पाकीट चिकटवलेलं नसलं तरी कुणी उघडत नसे. आणि पोचवून झालं की उलट निरोप जायचा, "मिळालं." तो येईपर्यंत पाठवणाऱ्याच्या जिवाला स्वस्थता नसे. अम्मी म्हणते, पत्र लिहिल्यावर नाही, 'मिळालं' ऐकल्यावर झोप लागायची.

तार केली तर निदान पोस्टाची पावती हातात पडायची. १४ जुलै २०१३ ही आपल्याकडच्या तारेची शेवटची तारीख. त्या दिवशी लोक हौसेने रांगा लावून तारा करत होते. मेलला अशी पावती नाही. 'सेंड' दाबलं की पडदा मोकळा होतो आणि आपल्याला वाटतं, गेला. गेला का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट भेटला तो २००७ साली. तेव्हा मी आउटलुक एक्सप्रेस वापरायची, आणि मेलचं खातं घरी इंटरनेट देणाऱ्या कंपनीचंच होतं. भावाच्या मुलीच्या बिस्मिल्लाहसाठी माहेरी गेले होते. सोबत शौहरांच्या ऑफिसचा जुना जड लॅपटॉप, आणि भाईकडे फोनच्या तारेवरचं इंटरनेट. आलेले मेल भराभर उतरले. मी तयार असलेलं भाषांतर जोडलं, पाठवलं, तर पडद्यावर नकार: '५५० रिलेइंग डिनाइड'. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. येतंय पण जात नाही, हा कसला प्रकार? भाई म्हणाला, "टाकी भरते आहे पण नळ बंद आहे, असं दिसतंय."

चिपळूणच्या बाजारात एक सायबर कॅफे होता. तिथे बसणारा मुलगा बारावीचा असेल. मी लॅपटॉप घेऊन गेले. त्याने सेटिंग उघडलं, जाणाऱ्या मेलच्या रकान्यात २५ होतं ते खोडून ५८७ घातलं, खालच्या एका चौकटीत खूण केली, माझं नाव आणि पासवर्ड टाकला. मेल गेला. दहा रुपये घेतले. मी विचारलं, "बेटा, असं का?" त्याने जे सांगितलं ते मला पुरतं कळायला आणखी काही वर्षं गेली, पण ते इतकं साधं आहे की इथे सांगून टाकते.

मेल आपल्या यंत्रातून थेट समोरच्याच्या यंत्रात जात नाही. आधी तो जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरकडे जातो, तो पुढच्याकडे देतो, पुढचा ज्याची पेटी आहे तिथे टाकतो. हाती पत्र देण्याचाच प्रकार. १९८२ मध्ये या देवाणघेवाणीचे नियम लिहिले गेले तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या. कुणीही कुणाचंही पाकीट घेऊन पुढे द्यायचं, 'तू कोण' असं विचारायचं नाही. मग नव्वदीत जाहिराती आणि फसवणुकीचे मेल फेकणारे आले. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून लाखो पाकिटं ढकलू लागले. तेव्हा सर्व्हरवाल्यांनी दारं लावून घेतली आणि ठरवलं, फक्त आपल्या ग्राहकाचं घ्यायचं. पण ग्राहक ओळखायचा कशावरून? तर तो आपल्याच तारेवरून येतोय का, यावरून. म्हणजे मी घरच्या तारेवर असले की ओळखीची, आणि माहेरी दुसऱ्या कंपनीच्या तारेवर बसले की परकी. कुणाच्याही घरातली सून होऊन पाहिलेल्या बाईला हे समजायला कठीण जाऊ नये!

यावर उपाय निघाला तो असा, की माणूस कुठल्या तारेवर आहे ते पाहू नका, त्याची ओळख विचारा. नाव आणि पासवर्ड. डिसेंबर १९९८ मध्ये मेल पाठवणाऱ्या माणसांसाठी एक वेगळी खिडकी नेमली गेली, तिचा क्रमांक ५८७. जुनी २५ नंबरची खिडकी सर्व्हरांनी आपसात वापरायची. पुढे अनेक इंटरनेट कंपन्यांनी आणि हॉटेलांनी आपल्या ग्राहकांसाठी २५ ची वाट बंदच करून टाकली, कारण कुणाच्या संगणकात विषाणू शिरला की तो तिथूनच मेल ओतत सुटतो. आता ५८७ किंवा ४६५, यांपैकी एक घातलं आणि ओळख विचारण्याची खूण केली की चिपळूण काय आणि शारजा काय, सारखंच. ज्यांचं मेल ब्राउझरमध्ये किंवा फोनच्या ॲपमध्ये आहे त्यांना हे आकडे बघावेही लागत नाहीत. पण ऑफिसचं, दुकानाचं, वकिलाच्या फर्मचं स्वतःच्या नावाचं मेल असतं, ते फोनवर घ्यायचं तर हे रकाने आजही पुढे येतात. त्या मुलाने चिठ्ठीवर लिहून दिलेला आकडा माझ्या कपाटाच्या दाराला आतून अजून चिकटवलेला आहे.

तुम्ही म्हणाल, ब्राउझरमधला फुकटचा मेल होता की. होता. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल ४ जुलै १९९६ ला सुरू झालं, ते याचसाठी लोकांनी उचललं. जगात कुठल्याही संगणकावर बसा, पेटी तुमची. आमच्या आखातातल्या मुलांची पहिली खाती त्यावरचीच. पण सायबर कॅफेच्या अनोळखी संगणकावर कुणाचा निकाहनामा उघडायचा, तो तिथे उतरलेला राहायचा, मागच्या खुर्चीवरचा पोरगा वाकून बघायचा, हे मला कधी पटलं नाही. त्या कागदात बाईचं नाव, बापाचं नाव, मेहेर, वय, सगळं असतं. अमानत ती अमानत. म्हणून यंत्र माझं आणि रस्ता कुणाचाही, हे मी ठरवून घेतलं.

जूचंद्र म्हटलं की लोकांना रांगोळीकार आठवतात, चंडिकादेवीची टेकडी आठवते. आमच्या घरी ते रेल्वेचं गाव आहे. वसई रोड ते दिवा या मार्गावरचं छोटं स्टेशन, मोजक्या गाड्या. शौहर भिवंडीला हिशेबनीस आहेत, ते इथूनच भिवंडी रोडला जातात. ऑगस्ट २०२४ पासून बांद्रा टर्मिनसहून मडगावची एक गाडी वसईमार्गे सुरू झाली तेव्हा मला ईदसारखं वाटलं. वसई रोडला इंजिन या टोकाचं त्या टोकाला लागतं आणि मग गाडी आमच्या जूचंद्रवरून, अर्थातच न थांबता, कोकणाकडे निघते. मी खिडकीतून आमच्या बाजूला बघून घेते आणि मग पनवेलपर्यंत काम करते. रोहा गेलं, वीर गेलं, की लॅपटॉप मिटायचा. पुढे करंजाडी आणि दिवाणखवटीच्या मध्ये नातूवाडीचा बोगदा आहे, चार किलोमीटरहून लांब. त्याच्या मागेपुढे लहान बोगदे आहेतच. मेल निम्मा जाऊन तुटला तर तो उरलेला निम्मा नंतर पाठवत नाही, पहिल्यापासून सुरू करतो. त्यात कागदाचे फोटो असले तर आणखीच वाईट, कारण जोडलेली फाइल मेलमधून जाताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. सहा एमबीचा फोटो आठ एमबी होऊन चालू लागतो. म्हणून माझ्या सोबतच्या फाइली काळ्यापांढऱ्या आणि हलक्या केलेल्या असतात. रंगीत फोटो पाहिजे असेल त्याला मी घरूनच देऊन निघते.

पण बोगद्याचं काय, पंधरा मिनिटांत उजेड येतो. २०२१ ची गोष्ट वेगळी.

त्या वर्षी बकरीद २१ जुलैला होती, बुधवारी. लोकल सामान्यांना बंद होती. आम्ही गाडी करून सोमवारी माहेरी पोचलो. माझ्या हातात नालासोपाऱ्याच्या एका बेवा बाईचं काम होतं. तिचा नवरा आखातात नोकरीवर असताना वारला होता, आणि कंपनीकडून त्याचा हिशेब मिळण्यासाठी लग्नाच्या कागदांचं इंग्रजी हवं होतं. वकिलांनी शुक्रवार २३ जुलै, संध्याकाळी पाच, अशी वेळ दिली होती. कागद तीन. दोन सोमवारी सकाळी घर सोडण्यापूर्वीच पाठवले. तिसरा हाताने लिहिलेला जुना कागद होता, आणि त्यात मेहेरची रक्कम अंकांत नव्हती, 'रकम'मध्ये होती. जुने मुनशी पैशाचे आकडे एका वेगळ्याच वळणदार लिपीत लिहीत, फारशी दप्तरांतून आलेल्या. आता ती वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आमचे मोठे चाचा त्यांतले एक. त्यामुळे तिसऱ्या कागदाचाही मसुदा मी सोमवारीच पाठवून दिला, रकमेच्या जागी 'आकडा तपासून कळवते' असं लिहून, आणि वर एक ओळ: शुक्रवारपर्यंत माझ्याकडून काही आलं नाही तर हीच प्रत लावावी.

ही माझी जुनी पद्धत आहे. घराचं कुलूप लावायच्या आधी जे तयार आहे ते द्यायचं. प्रवासातून जाणारा मेल हा उरलेल्या कामाचा असावा, सगळ्या कामाचा नव्हे.

ईदच्या दिवशी पाऊस थांबलाच नाही. संध्याकाळी पाहुणे कमी झाल्यावर चाचांनी चष्मा लावून कागद दिव्याखाली धरला, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग बोट ठेवून रक्कम वाचली. मी लगेच दुरुस्ती केली, फोनवरून मेल लिहिला, पाठवला. दिवे गेले होतेच. फोनच्या कोपऱ्यातल्या रेषाही गेल्या. मेल आउटबॉक्समध्ये बसला.

२२ तारखेच्या पहाटेपासून चिपळुणात काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राने नंतर टीव्हीवर पाहिलं. आम्ही ते पाहिलं नाही, ऐकलं. आमचं घर चढावर, पाणी खालच्या गल्लीशी थांबलं. भाईची मुलं अंधारात दोर घेऊन खाली गेली आणि दिवसभर माणसं वर आणत राहिली. घरात सतरा जण झाले. कुर्बानीचं गोश्त होतं, तांदूळ होते, चूल होती. भाभी आणि मी नुसतं रांधत होतो. वर आलेल्यांत एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं छातीशी धरली होती आणि कपडे बदलतानाही ती पिशवी कुणाच्या हातात दिली नाही.

अशा वेळी मेलची आठवण येणं बरं दिसत नाही. पण यायची. शुक्रवारी दुपारी साडेचार-पाचच्या सुमाराला मी भाकऱ्या थापत होते आणि मनात घड्याळ चाललं होतं. ज्या बाईला मी पाहिलेलं नाही ती तिकडे वकिलाच्या ऑफिसात बसली असेल. आमच्या अंगणात भिजून बसलेल्या बायका आणि ती, यांत मला फार अंतर वाटेना.

शनिवारी सकाळी भाचा निघाला. शेजारपाजारच्या आठ घरांचे फोन त्याने प्लॅस्टिकमध्ये बांधून घेतले आणि डोंगरावर जिथे एखादी रेषा मिळते असं कळलं होतं तिथे चढून गेला. फोन चार्ज करायला कुणाच्या तरी गाडीची बॅटरी वापरली होती. काम एकच, प्रत्येक घरच्या माणसांना 'आम्ही सुखरूप आहोत' एवढं कळवायचं. अडीच तासांनी आला. माझ्या फोनवर शौहरांच्या भावाचे सतरा निरोप होते. आणि आउटबॉक्स रिकामा होता. फोनला रेषा मिळताच मेल आपणहून निघून गेला होता. भाच्याला ठाऊकही नव्हतं की तो ते ओझंही वाहतोय.

गंमत अशी की माझ्याकडे येणारे मेल त्या काळात कुठे अडकले नव्हते. आपली पेटी आपल्या गावात नसतेच. ती दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असते, तिला पूर येत नाही. ती बंद असली तरी पाठवणारा सर्व्हर लगेच हार मानत नाही. नियमच असा आहे की त्याने साधारण चार-पाच दिवस तरी पुन्हा पुन्हा दार वाजवावं आणि तेव्हाही उघडलं नाही तर पाठवणाऱ्याला नकार कळवावा. अडकतो तो आपल्या हातातला, अजून कुणाच्याच स्वाधीन न झालेला मेल. म्हणून परगावी असताना मी 'सेंट' बघत नाही, आधी आउटबॉक्स बघते.

वकिलांनी शुक्रवारी सोमवारचीच प्रत लावली होती, आणि रकमेची दुरुस्ती नंतरच्या सोमवारी जोडली. त्या बाईचा हिशेब सात महिन्यांनी आला. मला वकिलांनी नंतर एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हापासून धरून ठेवली आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, यात कलम १३ आहे. त्यात मेल 'पाठवला' कधी म्हणायचा ते लिहिलं आहे: पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकयंत्रणेत तो शिरला की. दोघांनी आपसात वेगळं काही ठरवलं नसेल तर बटण दाबल्याची वेळ धरत नाहीत. माझा मेल बुधवारी रात्री लिहिला, शनिवारी गेला, तर कायद्याच्या लेखी तो शनिवारचा. मधला पूर कायद्याला दिसत नाही.

त्याच कलमात पुढे आहे ते मला जास्त आवडलं. मेल कुठूनही पाठवा, तो पाठवणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून पाठवला असं मानायचं, आणि तसं ठिकाण नसेल तर तो जिथे नेहमी राहतो तिथून. म्हणजे भाचा डोंगरावर उभा होता, मी चुलीपाशी, आणि मेल गेला जूचंद्रहून! मी हे शौहरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तू तिकडे गेलीसच कशाला?"

आणि कलम १२ पोचपावतीचं. पाठवणाऱ्याने आधीच अट घातली असेल की पोच मिळाली तरच हा मजकूर बंधनकारक, तर पोच येईपर्यंत तो मेल पाठवलाच नव्हता असं धरायचं. नागपाड्याच्या खोलीतल्या 'मिळालं'ला कायद्याने एवढी जागा दिली आहे हे वाचून मला बरं वाटलं. मेलमध्ये वाचल्याची आपोआप खूण मागता येते, पण समोरचा ती नाकारू शकतो आणि बरेच जण नाकारतात. मी शेवटी एक साधी ओळ लिहिते: 'मिळाले एवढेच कळवावे.' सुरुवातीला लोकांना ते विचित्र वाटलं. आता वकिलांची कारकून मुलगी नुसतं 'मिळाले ताई' लिहून टाकते. दुसरी एक प्रत मी माझ्याच दुसऱ्या खात्यावर धाडते. ती तिकडे उतरली की मेल माझ्या हातातून सुटला एवढं तरी नक्की होतं.

परदेशात प्रश्न वेगळे. २०२३ मध्ये आम्ही दोघं उमऱ्याला गेलो आणि येताना चार दिवस नणंदेकडे राहिलो. जाण्याआधी मी कामं बंद ठेवली होती, पण एक दुरुस्ती मागे लागलीच. तिथल्या लॉजवर वाय-फाय 'जोडलं' असं दाखवायचं आणि मेल जायचा नाही. अशा ठिकाणी आधी ब्राउझर उघडावा लागतो. खोली क्रमांक विचारणारं पान येतं, ते भरेपर्यंत बाहेरचं काही हलत नाही, आणि मेलचं ॲप हे तुम्हाला सांगत नाही, गुपचूप वाट बघत राहतं. ते पार झालं तर खात्यालाच संशय आला. रोज वसईकडून येणारी बाई एकदम मक्केहून कशी? ओळख पटवा म्हणून त्याने आकडा पाठवला तो माझ्या इथल्या सिमवर, आणि सिम तर विमानतळावर काढून डबीत ठेवलेलं. शौहर डबी शोधू लागले. मी म्हटलं, राहू द्या. जीमेल आपल्याला आधीच दहा राखीव आकडे काढून देतं, आठ-आठ अंकांचे, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून मी पासपोर्टच्या पाकिटात, फोटोंच्या मागे ठेवले होते. एक वापरला, त्यावर रेघ मारली. हे आकडे फोनमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. फोन हरवला तर तेही हरवले. ज्यांची मुलं शिकायला बाहेर जातात त्यांनी हा कागद त्यांच्या बॅगेत घालूनच द्यावा, लोणच्याच्या बरणीआधी.

वेळेचं एक असतं. मक्केचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे. आपल्याकडचे पाच म्हणजे तिथले अडीच. जुहर पढून आलं, थोडं आडवं झालं की मुंबईतलं ऑफिस बंद होत आलेलं. म्हणून जे काय करायचं ते फजरनंतर. शारजात दीड तासाचा फरक आहे. शिवाय २०२२ च्या जानेवारीपासून अमिरातीच्या केंद्रीय कार्यालयांनी शुक्रवार अर्धा आणि शनिवार-रविवार सुट्टी केली, पण शारजाने शुक्रवारही पूर्ण सुट्टीचा ठेवला. सौदीत शुक्रवार-शनिवार. तिथल्या कंपनीला गुरुवारी दुपारी पाठवलेला कागद काही वेळा तीन दिवस कुणी उघडत नाही. तो पोचलेला असतो; फक्त 'मिळालं' यायला वेळ लागतो. आमच्याकडे येणाऱ्या बेवा बायकांना मी हे आधीच सांगते, म्हणजे त्या तीन रात्री जागत नाहीत.

येत्या महिन्यात अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आठ दिवस राहणार आहे, इन्शाअल्लाह, हजेरी लावायला नाही. हातात तीन कागद आहेत. दोन काल गेले, दोघांचं 'मिळाले' आलं. तिसऱ्यात पुन्हा रकम आहे. चाचा आता अठ्ठ्याऐंशीचे, दिवा जवळ धरावा लागतो, पण वाचतात. तो कागद मात्र मी मेलने धाडणार नाही, हातानेच नेणार आहे.